तापमान, आर्द्रता आणि बाष्पीभवनाचा अंदाज : नव्याने हिशेब मांडणाऱ्यांसाठी

उघड्या तळ्यातले किंवा टाकीतले पाणी दिवसाला किती आटते, हे थेट मोजणे वाटते तितके सोपे नाही. नुसती पातळी मोजायची म्हटली, तरी पाऊस, झिरपून जाणारे पाणी, उपसा आणि वाऱ्याने होणारी हालचाल या सगळ्यांचा हिशेब आधी जुळवावा लागतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी हवेच्या नोंदी घेऊन त्यांवरून बाष्पीभवनाचा अंदाज बांधतात. या कामाला नव्याने लागणाऱ्या माणसाच्या हाती प्रथम दोन आकडे येतात, दिवसाचे सरासरी तापमान आणि सरासरी सापेक्ष आर्द्रता. ते सूत्रात घातले की उत्तर मिळते, उत्तर दिसायलाही पटण्याजोगे असते, आणि तरीही ते बऱ्याचदा बरेच कमी आलेले असते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधाराने पाहू. हिशेबासाठी साधी स्प्रेडशीट पुरेल.

सुरुवातीला एककांचे एक सोपे नाते लक्षात ठेवावे. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी आटले, म्हणजे एक लिटर पाणी गेले. एका हेक्टरवर तेच १०,००० लिटर होते. अंदाजातली दशांश मिलिमीटरची चूकही मोठ्या साठ्याच्या बाबतीत क्षुल्लक राहत नाही, ती यामुळे.

टक्केवारी म्हणजे पाणी नव्हे

सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे, एवढ्यावरून हवेत बाष्प किती आहे हे कळत नाही. ती टक्केवारी हे केवळ एक गुणोत्तर आहे. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प भागिले त्याच तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणारे बाष्प, एवढाच तिचा अर्थ. बाष्प हवेत ‘मावते’ हे भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत तितकेसे बरोबर नाही, कारण संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला बाष्प टाकू शकते तो जास्तीत जास्त दाब, हा पाण्याचा गुण आहे आणि हवा नसली तरी तो तेवढाच राहतो. पण समजायला सोयीचे म्हणून हे क्रियापद सर्रास वापरतात आणि आपणही वापरू. महत्त्वाचे हे, की गुणोत्तराचा छेद तापमानासोबत झपाट्याने बदलतो.

हा छेद म्हणजे संपृक्त बाष्पदाब. तो किलोपास्कलमध्ये घेतला, तर १० अंश सेल्सिअसला १.२३, २० अंशांना २.३४, ३० अंशांना ४.२४ आणि ४० अंशांना ७.३८ येतो. नेहमीच्या तापमानांत दर अंशाला तो सुमारे साडेपाच ते सात टक्क्यांनी वाढतो, आणि दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. आलेखावर ही रेषा सरळ नसून वर वळत जाणारी आहे. या वळणाला विसरू नये. पुढच्या बहुतेक चुका त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात.

बाष्पीभवनाला ओढ लागते ती बाष्पदाबातील तुटीची, म्हणजे संपृक्त बाष्पदाब वजा हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब. १० अंशांच्या हवेत आर्द्रता ६० टक्के असेल, तर ही तूट ०.४९ किलोपास्कल असते. ३० अंशांच्या हवेत आर्द्रता तेवढीच, ६० टक्केच असली, तरी तूट १.७० असते, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. दोन्ही दिवशी आर्द्रतामापक एकच आकडा दाखवेल. हवेची तहान मात्र अगदी वेगळी असेल.

आता एकाच दिवसाकडे जवळून पाहा. निरभ्र आकाशाचा कोरडा दिवस आहे. पहाटे तापमान १५ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के. दुपारी तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ३० टक्के. हे आकडे नुसते वाचले, तर सकाळी ओलीचिंब असलेली हवा दुपारपर्यंत सुकून गेली असे वाटते. प्रत्यक्ष बाष्पदाब काढून पाहिला, तर पहाटेचा १.७०५ च्या ९५ टक्के म्हणजे १.६२ किलोपास्कल, आणि दुपारचा ५.६२४ च्या ३० टक्के म्हणजे १.६९ किलोपास्कल येतो. हवेतले बाष्प दिवसभर जवळजवळ तेवढेच राहिले. टक्केवारी घसरली ती केवळ तापमान चढल्यामुळे. हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने सोडवून पाहावे, असा माझा आग्रह आहे. कागदावर ते दोन आकडे शेजारी-शेजारी उतरले, की टक्केवारीवरचा आंधळा विश्वास आपोआप कमी होतो.

पहिली पायरी : तापमानावरून संपृक्त बाष्पदाब

यासाठी ओ. टेटेन्स यांनी १९३० साली मांडलेल्या सूत्राचे आज रूढ असलेले रूप वापरावे. सेल्सिअसमधील तापमानाला १७.२७ ने गुणावे. आलेल्या गुणाकाराला, त्याच तापमानात २३७.३ मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे. भागाकाराचे घातांकी फलन काढावे, जे स्प्रेडशीटमध्ये ‘एक्स्प’ या नावाने तयार असते. आणि शेवटी ०.६१०८ ने गुणावे. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. सूत्र बरोबर भरले आहे की नाही, हे तपासण्यासाठी २० आणि ३० अंश घालून वर दिलेले आकडे येतात का ते पाहावे. जुन्या तक्त्यांत बाष्पदाब मिलिबारमध्ये असतो. दहा मिलिबार म्हणजे एक किलोपास्कल. त्याहून जुन्या तक्त्यांत तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सापडतो, आणि तिथे साडेसात मिलिमीटर म्हणजे एक किलोपास्कल धरावा.

दिवसाच्या हिशेबात कमाल आणि किमान तापमान स्वतंत्रपणे सूत्रात घालावे आणि मिळालेल्या दोन दाबांची सरासरी काढावी. आधी तापमानांची सरासरी काढून मग दाब काढू नये. आपल्या उदाहरणात ३५ अंशांचा दाब ५.६२ आणि १५ अंशांचा १.७१, म्हणून सरासरी ३.६६ किलोपास्कल. याउलट सरासरी तापमान २५ अंश घेऊन दाब काढला, तर तो ३.१७ येतो. रेषा वर वळत जाणारी असल्याने दुपारच्या उष्ण तासांचा वाटा नेहमीच निम्म्याहून जास्त असतो, आणि आधी सरासरी काढली की तो हरवतो. ‘आधी दाब, मग सरासरी’ हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे. रात्रंदिवस तापमान जवळजवळ सारखे राहते अशा हवेत या क्रमाने फारसा फरक पडत नाही. दिवसा तापून रात्री गारठणाऱ्या कोरड्या प्रदेशात मात्र तो फार मोठा असतो.

दुसरी पायरी : हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब

तो काढण्याचे तीन मार्ग आहेत, आणि मी ते माझ्या विश्वासाच्या क्रमाने देतो.

दवबिंदू, म्हणजे हवा गार होत गेल्यास ज्या तापमानाला ती संपृक्त होते ते तापमान, थेट उपलब्ध असेल, तर काम सर्वांत सोपे. दवबिंदूचे तापमान टेटेन्सच्या सूत्रात घातले की येणारा आकडा हाच प्रत्यक्ष बाष्पदाब. दवबिंदू दिवसभरात हळू बदलतो, त्यामुळे नोंद तासभर इकडेतिकडे झाली तरी नुकसान थोडे होते.

दुसरा मार्ग ओल्या आणि कोरड्या फुग्याच्या तापमापकांचा. फुगा म्हणजे तापमापकाचे टोक; एकाच्या टोकावर ओली वात गुंडाळलेली असते, दुसरे उघडे असते. ओल्या फुग्याच्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब घ्यावा, आणि त्यातून दोन तापमापकांमधील फरक गुणिले एक स्थिरांक एवढी रक्कम वजा करावी. हा स्थिरांक म्हणजे हवेचा दाब गुणिले एक छोटी संख्या, आणि सगळी गोम त्या संख्येत आहे. पंख्याने हवा खेळवणाऱ्या उपकरणासाठी ती ०.०००६६२, नैसर्गिक वाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या उपकरणासाठी ०.०००८, आणि बंद खोलीत, हवा हलत नसताना, ०.००१२ धरतात. कोरडा फुगा ३० अंश आणि ओला २२ अंश दाखवत असेल, हवेचा दाब समुद्रसपाटीचा १०१.३ किलोपास्कल असेल, तर पहिल्या स्थिरांकाने बाष्पदाब २.११ किलोपास्कल, म्हणजे आर्द्रता सुमारे ५० टक्के येते. त्याच वाचनांना तिसरा स्थिरांक लावला, तर बाष्पदाब १.६७ आणि आर्द्रता जेमतेम ३९ टक्के. वाचने बरोबर आणि तक्ता चुकीचा, असा प्रकार इथे हमखास होतो, म्हणून तक्ता कोणत्या उपकरणासाठी छापला आहे हे आधी पाहावे. ओल्या फुग्यावरची वात मळलेली किंवा अर्धवट सुकलेली असेल, तर ओले तापमान जास्त दिसते आणि हवा असते त्याहून दमट भासते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग टक्केवारीचा, आणि आज इलेक्ट्रॉनिक संवेदकांमुळे तोच सर्वांत जास्त वापरात आहे. इथे कमाल आर्द्रतेची जोडी किमान तापमानाशी आणि किमान आर्द्रतेची जोडी कमाल तापमानाशी लावावी, कारण साधारणपणे त्या एकाच वेळी घडतात. दोन्ही जोड्यांचे बाष्पदाब काढून मग त्यांची सरासरी घ्यावी. आपल्या दिवशी १.६२ आणि १.६९ यांची सरासरी १.६५ येते, आणि तूट होते ३.६६ वजा १.६५, म्हणजे २.०१ किलोपास्कल.

समजा हे केले नाही. ९५ आणि ३० यांची सरासरी ६२.५ टक्के काढली आणि ती ३.६६ ला लावली, तर तूट १.३७ येते. तापमानाचीही आधीच सरासरी काढून बसलो, तर तूट १.१९ वर घसरते. म्हणजे उपकरणे निर्दोष, नोंदी निर्दोष, आणि केवळ हिशेबाच्या क्रमामुळे तूट सुमारे ४० टक्क्यांनी कमी!

तिसरी पायरी : तुटीपासून मिलिमीटरपर्यंत

बाष्पीभवन बाष्पदाबांतील फरकाच्या आणि वाऱ्याच्या प्रमाणात असते, हे जॉन डाल्टन यांनी १८०२ मध्ये दाखवून दिले. पण त्यांच्या नियमातला पहिला दाब हा पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा आहे, हवेच्या तापमानाचा नव्हे, आणि पृष्ठभागाचे तापमान सहसा कुणी मोजत नाही. ही अडचण हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली दूर केली. पाण्याला मिळणारी ऊर्जा आणि हवेची बाष्प वाहून नेण्याची क्षमता या दोन्ही बाजू त्यांनी एका समीकरणात अशा गुंफल्या, की पृष्ठभागाचे तापमान त्यातून निघूनच गेले. आज हवेच्या नोंदींवरून केलेला कोणताही गंभीर अंदाज बहुधा याच घराण्यातला असतो. पीक-पाण्याच्या हिशेबासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये प्रसृत केलेले पेनमन-माँटीथ समीकरण हेही त्याचेच पुढचे रूप आहे.

उघड्या पाण्यासाठीची मांडणी शब्दांत अशी. पहिला घटक ऊर्जेचा. पृष्ठभागाला मिळालेली निव्वळ प्रारण-ऊर्जा (आलेली वजा परत गेलेली), प्रतिदिन प्रति चौरस मीटर मेगाज्यूलमध्ये, २.४५ ने भागावी. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण तेवढे मेगाज्यूल लागतात, म्हणून भागाकार थेट मिलिमीटरमध्ये मिळतो. दुसरा घटक हवेचा. दोन मीटर उंचीवरचा वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन ०.५३६ ने गुणावा, त्यात एक मिळवावा, त्याला २.६२ ने आणि मग बाष्पदाबातील तुटीने गुणावे. या दोन घटकांना वजने देऊन बेरीज केली की बाष्पीभवन मिळते.

तापमान इथे पुन्हा एकदा येते, आणि नवख्याच्या नजरेतून निसटते ते बहुधा हेच. ऊर्जेच्या घटकाचे वजन ठरते संपृक्त बाष्पदाबाच्या रेषेच्या चढावावरून. हा चढाव काढण्यासाठी संपृक्त बाष्पदाबाला ४०९८ ने गुणून, तापमान अधिक २३७.३ या संख्येच्या वर्गाने भागावे. ऊर्जेचे वजन म्हणजे चढाव भागिले (चढाव अधिक आर्द्रतामापी स्थिरांक); हा स्थिरांक दुसऱ्या पायरीतल्यासारखाच हवेच्या दाबावर ठरतो. उरलेले वजन हवेच्या घटकाचे. स्थिरांक समुद्रसपाटीला ०.०६७ च्या आसपास असतो, आणि २००० मीटर उंचीवर, हवेचा दाब कमी असल्याने, तो सुमारे ०.०५३ वर येतो. समुद्रसपाटीला ऊर्जेचे वजन १० अंशांना ०.५५, २० अंशांना ०.६८, ३० अंशांना ०.७८ आणि ४० अंशांना ०.८५ भरते. म्हणजे हवा जसजशी तापते, तसतसा आर्द्रतेचा आणि वाऱ्याचा हिशेबातला वाटा आपोआप आकसतो. तापमान एका हाताने तूट वाढवते आणि दुसऱ्या हाताने तिचे वजन उतरवते.

आपला दिवस पुढे नेऊ. सरासरी तापमान २५ अंश, निव्वळ ऊर्जा १४ मेगाज्यूल, वारा २ मीटर प्रति सेकंद. चढाव ०.१८९, म्हणून वजने ०.७३७ आणि ०.२६३. चढाव काढताना सरासरी तापमानच वापरायचे असते, तिथे गोंधळू नये. ऊर्जेचा घटक १४ भागिले २.४५ म्हणजे ५.७१, गुणिले ०.७३७ म्हणजे ४.२१ मिलिमीटर. हवेचा घटक ५.४३ गुणिले २.०१ गुणिले ०.२६३ म्हणजे २.८७ मिलिमीटर. एकूण दिवसाला ७.१ मिलिमीटर. तूट चुकीच्या क्रमाने १.१९ काढली असती, तर उत्तर ५.९ आले असते. ४० टक्क्यांची चूक १७ टक्क्यांवर आली, कारण ऊर्जेचा वाटा तिने बिघडत नाही. तरीही एका हेक्टरच्या तळ्यावर ही तफावत दिवसाला जवळजवळ १२,००० लिटरची आहे.

इथे एक खोच आहे. निव्वळ ऊर्जा थेट मोजलेली नसेल, तर ती सूर्यप्रकाशावरून काढताना पृष्ठभागाकडून आकाशाकडे परत जाणारी उष्णता वजा करावी लागते, आणि त्या वजाबाकीच्या सूत्रात प्रत्यक्ष बाष्पदाब पुन्हा हजर असतो. बाष्पदाब चुकून १.६५ ऐवजी २.२९ (३.६६ च्या ६२.५ टक्के) धरला, तर निरभ्र दिवशी परत जाणारी उष्णता सुमारे १.२ मेगाज्यूलने कमी निघते, आणि ऊर्जेचा घटक साधारण ०.४ मिलिमीटरने फुगतो. म्हणजे एकीकडे उत्तर घटते, दुसरीकडे थोडे वाढते, आणि चूक अंशतः झाकली जाते. उत्तर योग्य दिसते म्हणून आर्द्रता बरोबर होती असे मानू नये.

चौथी पायरी : उपकरणाची परीक्षा

तापमापक सावलीत, हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा. उन्हात तापलेल्या संवेदकाची गंमत अशी, की तो एकाच वेळी खरे आणि खोटे दोन्ही सांगतो. खरी हवा ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेची आहे, पण संवेदक स्वतः ३२ अंशांपर्यंत तापला आहे असे समजा. तो आर्द्रता सुमारे ४५ टक्के दाखवेल. त्याच्याच दोन वाचनांवरून बाष्पदाब काढला, तर तो अगदी बरोबर, २.१२ किलोपास्कल येतो. कारण बाष्प तेवढेच आहे. मात्र संपृक्त दाब ३२ अंशांचा धरला गेल्याने तूट २.१२ ऐवजी २.६३ निघते. उलट, तापमान दुसऱ्या चांगल्या तापमापकाचे आणि टक्केवारी या तापलेल्या संवेदकाची अशी सरमिसळ केली, तर आता बाष्पदाबच चुकतो आणि तूट २.३५ येते. म्हणून बाष्पदाब नेहमी एकाच संवेदकाच्या तापमान-आर्द्रतेच्या जोडीवरून काढावा, आणि हवेचे तापमान वेगळ्या, अधिक विश्वासाच्या तापमापकाचे असेल तर ते फक्त संपृक्त दाबासाठी वापरावे.

आर्द्रतेचे संवेदक वर्षभरात सरकतात. घरच्या घरी तपासण्याचा एक जुना उपाय आजही उपयोगी पडतो. घट्ट झाकणाच्या बरणीत लहान वाटीत साधे मीठ घ्यावे, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे, पूर्ण विरघळू देऊ नये. संवेदक मिठाला न टेकता बरणीत ठेवून झाकण लावावे आणि स्थिर तापमानाच्या जागी रात्रभर सोडावे. बरणीतली हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, आणि १० ते ४० अंशांदरम्यान हा आकडा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होतो. संवेदक ८० दाखवत असेल, तर पाच टक्के-अंकांची चूक आपल्यासमोर उघडी पडली.

ही चूक किती महाग पडेल, हे मात्र हवेवर अवलंबून असते. ३० अंशांच्या हवेत खरी आर्द्रता ९० टक्के असताना संवेदकाने ८७ दाखवली, तर तूट ०.४२ वरून ०.५५ होते, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढते. खरी आर्द्रता ३० असताना २७ दाखवली, तर तूट केवळ चार टक्क्यांनी वाढते. दमट प्रदेशात चांगल्या संवेदकावर खर्च करावा. कोरड्या प्रदेशात तोच खर्च वाऱ्याच्या आणि सूर्यप्रकाशाच्या मोजणीवर केलेला बरा. हा माझा अनुभवाचा कौल आहे, नियम नव्हे.

पाचवी पायरी : एकेक आकडा हलवून पाहणे

उत्तर आले की तिथे थांबू नये. प्रत्येक नोंदीत संभवणारी चूक मुद्दाम घालून उत्तर किती हलते ते पाहावे. आपल्या ७.१ मिलिमीटरच्या दिवशी दोन्ही आर्द्रता तीन टक्के-अंकांनी वाढवल्या, तर उत्तर ६.९ वर येते.

तापमान एक अंशाने वाढवून पाहताना एक प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो फार जणांच्या लक्षातच येत नाही : तापमान वाढताना स्थिर काय ठेवायचे, टक्केवारी की बाष्प? दोन्ही तापमाने एक अंशाने वाढवून टक्केवारी तीच ठेवली, तर बाष्पही वाढले असे आपण नकळत गृहीत धरतो, आणि उत्तर ७.२ येते. बाष्पदाब तोच ठेवला, तर उत्तर ७.३ च्या वर जाते. वाढ दुपटीहून अधिक. तापमापकातल्या चुकीचा परिणाम तपासायचा असेल, तर बाष्प स्थिर ठेवावे, कारण तापमापक चुकल्याने हवेतले बाष्प बदलत नाही. हवामान बदलल्यावर काय होईल असा प्रश्न असेल, तर दोन्ही करून पाहावे आणि कोणते गृहीत धरले ते उत्तरासोबत लिहावे.

वाऱ्याविषयी थोडक्यात. दहा मीटर उंचीवर मोजलेला वेग ०.७४८ ने गुणून दोन मीटरवर आणावा, आणि एकक तपासावे. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा ताशी किलोमीटरमधला वेग मीटर प्रति सेकंद समजून महिनाभराचा तक्ता भरला होता. वरच्या उदाहरणात तशी चूक केली, तर २ च्या जागी ७.२ जातो आणि ७.१ मिलिमीटरचे जवळजवळ ११ होतात. तक्ता इतका नेटका दिसत होता, की आठवडाभर मला शंकाही आली नाही.

नोंदी अपुऱ्या असतील तर

आर्द्रतेची नोंदच नसेल, तर किमान तापमानालाच दवबिंदू मानण्याची रीत आहे. पहाटे हवा जवळजवळ संपृक्त होते अशा ठिकाणी, भोवती हिरवळ आणि ओल असताना, ती चांगली चालते. रखरखीत जागी दवबिंदू किमान तापमानाच्या दोन-तीन अंश खाली धरावा. वाऱ्याची नोंद नसल्यास २ मीटर प्रति सेकंद धरण्याचा प्रघात आहे.

केवळ तापमानावरून अंदाज देणारी सूत्रेही आहेत. पेनमन यांचे समीकरण आले त्याच वर्षी, १९४८ मध्ये, चार्ल्स थॉर्नथ्वेट यांनी महिन्याच्या सरासरी तापमानावर आधारलेली पद्धत दिली. ती सोपी आहे, पण कोरड्या प्रदेशांत ती बाष्पीभवन कमी दाखवते, कारण हवा किती कोरडी आहे हे तिला कळण्याचा मार्गच नाही. १९८५ चे हारग्रीव्ह्ज-सामानी सूत्र अधिक चतुर आहे. त्यात कमाल-किमान तापमानांतील फरकाचे वर्गमूळ घेतात. ढगाळ, दमट हवेत रात्र फारशी थंड होत नाही आणि दिवस फारसा तापत नाही, म्हणून हा फरक लहान राहतो. निरभ्र कोरड्या हवेत तो मोठा होतो. आर्द्रता अशी वेश पालटून सूत्रात शिरते. मात्र हे सूत्र वाऱ्याकडे पाहत नाही, दमट प्रदेशात ते जास्त उत्तर देण्याकडे झुकते, आणि एकेका दिवसासाठी ते वापरू नये. पाच दिवसांची किंवा त्याहून लांब मुदत घ्यावी. शिवाय ते हिरव्या गवताच्या संदर्भ बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे गवत आणि त्याखालची जमीन मिळून किती पाणी हवेत सोडतात याचा, आकडा देते, उघड्या पाण्याचा नव्हे, तेव्हा दोन्ही एकाच रकान्यात लिहू नयेत.

पात्राशी ताडून पाहताना

अंदाज पडताळायला बहुतेक जण बाष्पीभवन पात्राकडे, म्हणजे पाणी किती आटले हे मोजण्याच्या उघड्या धातूच्या भांड्याकडे, वळतात. प्रमाणित ‘अ’ वर्गाचे पात्र १२०.७ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल असते, आणि ते जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच लाकडी चौकटीवर ठेवतात. त्याच्या धातूच्या बाजू आणि तळ हवेकडून उष्णता घेतात, म्हणून पात्रातले पाणी तळ्यापेक्षा लवकर आटते. तळ्याचा वार्षिक अंदाज करताना पात्राचा आकडा साधारण ०.७ ने गुणतात. पण हा गुणांक वर्षभर आणि सर्वत्र एकच नसतो. भोवती उघडी कोरडी जमीन असेल, हवा रुक्ष असेल आणि वारा जोराचा असेल, तर तो बराच खाली जातो. पात्राभोवती दूरवर हिरवळ असेल आणि हवा दमट असेल, तर वर चढतो.

यातून नोंदींच्या जागेचा प्रश्न पुढे येतो. कोरड्या माळावर घेतलेले तापमान आणि आर्द्रता त्या माळाची असते. तिथली हवा तापते आणि सुकते याचे एक कारणच हे, की आटायला पाणी नसल्याने सगळी ऊर्जा हवा तापवण्यात जाते. तो आकडा मोठ्या जलाशयाच्या मध्यावर लावला, तर अंदाज फुगतो, कारण जलाशयावरून वाहत आलेली हवा तोवर गार आणि ओलसर झालेली असते. पाण्याच्या वाऱ्याकडच्या आणि वाऱ्याच्या पलीकडच्या, अशा दोन्ही काठांवर एकाच वेळी आर्द्रता मोजली, तर हा फरक प्रत्यक्ष दिसतो.

तापमान वाढले म्हणजे बाष्पीभवन वाढलेच पाहिजे, हा समजही पात्रांनीच एकदा खोटा पाडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या अनेक भागांत तापमान चढत असताना पात्रांतले बाष्पीभवन उतरताना आढळले. मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कहार यांनी २००२ मध्ये याचा संबंध ढग आणि हवेतील सूक्ष्म कणांमुळे घटलेल्या सूर्यप्रकाशाशी जोडला, आणि पुढच्या अभ्यासांत मंदावलेल्या वाऱ्याचाही मोठा वाटा दिसला. किमान तापमान वाढताना बाष्पही वाढले, की तूट फारशी हलत नाही. मग ऊर्जा आणि वारा हेच निकाल ठरवतात.

खोल पाण्याचा अपवाद

वरचा सगळा हिशेब उथळ पाण्याला, जे दिवसभरात हवेच्या मागोमाग तापते आणि निवते, चांगला लागू पडतो. खोल सरोवर उन्हाळाभर ऊर्जा पोटात साठवते, त्यामुळे वसंतात हवा उबदार असूनही थंड पाण्यावरून फारसे बाष्पीभवन होत नाही, आणि पुढे हवा थंड झाल्यावर ते वाढते. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांवर सर्वाधिक बाष्पीभवन उन्हाळ्यात नव्हे, तर शरदात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला होते, जेव्हा उबदार पाण्यावरून थंड, कोरडी हवा वाहते. पाणी हवेहून उबदार असेल, तर हवेची आर्द्रता १०० टक्के असतानाही बाष्पीभवन चालू राहते. पहाटे तळ्यावर तरंगणारे धुके ही त्याचीच खूण. अशा पाण्यासाठी दैनंदिन समीकरण वापरायचे असेल, तर पाण्यात साठलेल्या किंवा पाण्यातून सुटलेल्या उष्णतेचा आकडा निव्वळ ऊर्जेतून वजा-अधिक करावा लागतो, आणि त्यासाठी वेगवेगळ्या खोलीवर पाण्याचे तापमान मोजणे आवश्यक ठरते. तेवढी सोय नसेल, तर पृष्ठभागाचे तापमान तरी दिवसातून दोनदा मोजावे आणि डाल्टन यांच्या नियमाकडे परत जावे; त्यात संपृक्त दाब पाण्याच्या तापमानाचा, प्रत्यक्ष बाष्पदाब हवेचा, आणि दोन्ही एकाच वेळच्या नोंदींचे घ्यावेत.